आधी काटा, मग आकडा

सर समोरच्याचं बोलणं मध्येच तोडून विचारायचे, "आज वार कोणता?"

मी कंपनीत नवीन होते तेव्हा मलाही विचारलं. माझा प्रिंटर चालत नव्हता, ती तक्रार घेऊन मी त्यांच्याकडे गेले होते. अर्ध्यातच हा प्रश्न आला आणि मी गडबडले. आधी बुधवार म्हणाले, मग गुरुवार. सरांचं मात्र समाधान झाल्यासारखं दिसलं.

"चुकलात, पण विचार केलात," ते म्हणाले. "बोला पुढे."

पुढे कळलं की ही त्यांची जुनी सवय. कुणी नुसतं 'हो हो' करायला लागलं की त्यांना संशय यायचा, हा माणूस ऐकतोय की आतून बंद पडलाय? मग वार विचारायचा. बसच्या ड्रायव्हरला विचारून झालं होतं, कॅन्टीनवाल्याला विचारून झालं होतं, आणि एकदा मुलाखतीला आलेल्या एका उमेदवाराला विचारून त्याला घाम फोडला होता. लोक हसायचे, पण पाठीमागे. समोर हसायची कुणाची छाती नव्हती. उंच, किरकोळ अंगाचे, एक गुडघा न वाकणारे सर शॉपवर, म्हणजे मशीनच्या शेडमध्ये, येताना दिसले की ऑपरेटरांच्या हातातले मोबाइल आपोआप खिशात जायचे.

आमची कंपनी नवलाख उंबऱ्याजवळ. मोठमोठे रबराचे रोलर बनवायची. मी तळेगावची, क्वालिटी विभागात. सर लोणावळ्याहून लोकलने यायचे आणि तळेगावला कंपनीची बस पकडायचे. मेंटेनन्स आणि कॉम्प्युटर, दोन्ही त्यांच्याकडे. लग्न केलं नव्हतं, एकटेच राहायचे. घरातून निघताना गॅसच्या बटणाचा, नळाचा आणि दाराच्या कुलपाचा मोबाइलवर फोटो काढायचे आणि बसमध्ये बसल्यावर ते फोटो पुन्हा एकदा नीट बघायचे. मशीन उघडायच्या आधी फोटो, कुणाच्या टेबलावरची फाइल हलवायच्या आधी फोटो. त्यामुळे पाठीमागे त्यांचं नाव 'फोटोवाले' पडलं होतं. ते त्यांना माहीत होतं. त्याबद्दल त्यांना काही वाटत नव्हतं.

"फोटो असला की मागं जाता येतं," ते म्हणायचे. "नसला की फक्त भांडता येतं."

आमच्याकडे एक ऑटोक्लेव्ह होता. टेम्पोएवढा मोठा, आडवा ठेवलेला लोखंडी प्रेशर कुकरच म्हणा. त्यात कच्च्या रबराचे रोलर ढकलायचे, जाडजूड दरवाजा लावायचा, दरवाजाभोवतीची रिंग चाकाने फिरवून घट्ट करायची आणि वाफ सोडायची. आत किती प्रेशर आहे, किती तापलंय, भाजण्याची एक फेरी, म्हणजे सायकल, संपली की नाही, हे सगळं एका जुन्या कॉम्प्युटरवर दिसायचं. त्या कॉम्प्युटरवर जुनं विंडोज होतं. ऑटोक्लेव्ह बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती आणि तिचा प्रोग्रॅम त्या जुन्या विंडोजशिवाय दुसऱ्या कशावर चालत नव्हता. तो कॉम्प्युटर मरायला टेकला तेव्हा सरांनी त्याची अख्खी हार्ड डिस्क जशीच्या तशी उतरवून घेतली आणि एका नव्या कॉम्प्युटरच्या पोटात बसवली. नव्यावर लिनक्स ही वेगळी सिस्टीम, आणि लिनक्सच्या आत, एका चौकटीत, ते जुनं विंडोज पूर्वीसारखंच चालू.

याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. सर मात्र 'आतला' आणि 'बाहेरचा' असं म्हणायचे.

"आतल्याला पत्ताच नाही," ते मला पहिल्यांदा दाखवताना हळू आवाजात म्हणाले, जणू त्याला ऐकू जाईल. "त्याला वाटतंय, आपण अजून आपल्या जुन्या डब्यातच आहोत."

आतल्याचे नियम कडक होते. त्याला नेट जोडायचं नाही. बाहेरच्या कॉम्प्युटरची पेन ड्राइव्ह लावायची भोकं सरांनी पुट्टी भरून बुजवली होती. आत काहीही बदल करायचा तर आधी त्याचा फोटो. म्हणजे त्या क्षणी आतला जसा आहे तसा पूर्ण जपून ठेवायचा, बिघडलाच तर तिथवर मागे आणता यावा म्हणून. प्रत्येक फोटोला नाव. 'पावसाआधी'. 'नवे साहेब येण्याआधी'. 'दत्ता रजेवर'. त्यांना ती यादी वर-खाली करत बघायला आवडायचं.

आणि आतल्याच्या पडद्यावर, कोपऱ्यात, त्यांनी एक घड्याळ लावलं होतं. सेकंदकाट्याचं.

"आधी काटा, मग आकडा," ते प्रत्येक ऑपरेटरला बजावायचे. "काटा फिरतोय का बघायचं, मगच प्रेशर वाचायचं. आतला थांबला तर त्याचं त्याला कळत नाही. शेवटचं चित्र पडद्यावर तसंच राहतं. आकडा दिसेल, पण तो मेलेला आकडा."

ऑटोक्लेव्हचा सगळ्यात जुना ऑपरेटर दत्ता. नवलाख उंबऱ्याचाच, घरची थोडी भातशेती, बोलायला फटकळ. तो म्हणाला होता, "सर, आमी रोलर भाजायचं का घड्याळाकडं बघत बसायचं?"

"दोन्ही करायचं."

"काटा काय, फिरतोयच की त्यो. कवा थांबलाय?"

सरांनी त्याला वार विचारला. दत्ताने सांगितला, वर तिथीही सांगितली. दोघांचं तसं बरं होतं.

ऑटोक्लेव्हच्या अंगावरही एक प्रेशर गेज होता. पण तो मागच्या बाजूला, उंचावर, आणि वाफेने त्याची काच पिवळी पडलेली. दरवाजा उघडण्याआधी मागे जाऊन तो बघायचा असा नियम होता. पडद्यावर आकडा दिसायला लागल्यापासून मागे कोण जाणार? आत प्रेशर असताना रिंग फिरू नये म्हणून एक खिट्टी होती, ती झिजली होती. नवी मागवली होती, आली नव्हती. यावरून सरांची आणि स्टोअरवाल्यांची रोज वादावादी व्हायची. पण मशीन बंद ठेवायला कुणीच तयार नव्हतं. सरांनीही ते बंद पाडलं नाही. हे ते स्वतःच नंतर म्हणाले.

नवे प्लँट हेड आले आणि त्यांनी पहिल्याच महिन्यात आतल्याला नेट जोडायला सांगितलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनाही वर उत्तर द्यावं लागायचं. ग्राहकांना प्रत्येक रोलरचं प्रेशर आणि तापमान हवं असायचं. सर नाही म्हणाले. मग दर आठवड्याला तोच विषय, दर वेळी आवाज थोडा वर.

त्या दिवशी दुपारी पाळी बदलत होती. ऑटोक्लेव्हला लागून काचेची केबिन आहे, तिथे माझं टेबल, आणि माझ्या मागे आतल्याचा पडदा. प्लँट हेड केबिनमध्ये आले आणि त्यांनी दारही लावून घेतलं.

"एक केबल जोडायची आहे फक्त," ते म्हणाले. "मला फोनवर प्रेशर दिसलं पाहिजे."

"दिसणार नाही."

"का नाही?"

"जुनं विंडोज आहे. त्याला बाहेरची सवय नाही. नेटला लावलं की काहीही आत शिरेल आणि आडवं पाडेल त्याला."

"हे तुम्ही मला सांगताय की अडवताय?"

सर उत्तर द्यायला वळले आणि तसेच थांबले. त्यांची नजर माझ्या मागे पडद्यावर होती. ओठ जरा उघडे. मला वाटलं, शब्द शोधताहेत. प्लँट हेडना वाटलं, मुद्दाम दुर्लक्ष करताहेत.

"मी काहीतरी विचारतोय," ते चिडून म्हणाले. आणि मग, सगळ्या कंपनीला पाठ असलेला तो प्रश्न त्यांनी सरांवरच टाकला. "आज वार कोणता, सर?"

मी मागे वळून पाहिलं. पडद्यावर ठळक अक्षरांत होतं, 'सायकल पूर्ण. प्रेशर शून्य.' कोपऱ्यात सेकंदकाटा उभा होता. हलत नव्हता.

काचेपलीकडे दत्ता नुकताच पाळीवर आला होता. कानांवर आवाज रोखणारे इअरमफ, हातात मोजे. केबिनच्या काचेतून पडदा बघून तो दरवाजापाशी गेला होता आणि त्याचे दोन्ही हात रिंगच्या चाकावर होते. त्याच्या पाठीमागे पॅनलवरचा तांबडा दिवा लागलेला होता. वाफ चालू असली की तो लागतो. पहिल्या पाळीच्या ऑपरेटरने आधीचा माल काढून नवा भरला होता, पॅनलवरचं बटण दाबून सायकल चालू केली होती, आणि बस चुकू नये म्हणून काही न सांगता निघून गेला होता. पडद्यावर दिसत होती ती आधीची, संपलेली सायकल.

चाक फिरायला लागलं होतं.

सर धावले. तो न वाकणारा पाय घेऊन धावणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. "दत्ता! दत्ता, हात काढ!" काँप्रेसरच्या आवाजात ते मलाही नीट ऐकू येईना. दत्ताच्या कानांवर तर इअरमफ. मीही ओरडत बाहेर पडले. सरांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि फेकलं. ते दत्ताच्या खांद्यावर बसलं.

दत्ता गर्रकन वळला. "आयला, कोन हाय रं..."

तेवढ्यात दरवाजाच्या खालच्या कडेतून वाफेची एक पांढरी, बारीक रेघ निघाली आणि शिट्टीसारखी वाजायला लागली. दत्ताने चाक सोडलं. दोन्ही हात खांद्याएवढे वर धरून तो तिथेच उभा राहिला. पाय हलेनात. त्याला समजलं होतं. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"समोरून हो!" सर ओरडत होते. "बाजूला! दत्ता, बाजूला!"

मग त्यांनी त्याला शर्टाला धरून अक्षरशः ओढलं. दोघं एकमेकांवर पडले. प्लँट हेडनी सायरन दाबला आणि हातवारे करत सगळ्यांना शॉपबाहेर काढायला सुरुवात केली.

रिंग अर्धवट फिरली होती. ती परत घट्ट करायला दरवाजासमोर उभं राहावं लागलं असतं आणि तिथे कुणाला उभं करणार? ती तशीच सोडावी तर ती धरेल की सुटेल, कुणी सांगू शकत नव्हतं. ती सुटली असती तर तो दरवाजा समोरची भिंत घेऊन गेला असता.

सर उठले आणि एकटेच मागच्या बाजूला गेले. वाफेचा व्हॉल्व्ह बंद केला. मग बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह जरासा उघडला. एकदम उघडता येत नव्हता, दरवाजाला धक्का बसला असता. आम्ही दूर, खांबांच्या आड. सर शिडीच्या पायरीवर चढून गेजची काच बाहीने पुसत होते आणि आम्हाला ऐकू येईल अशा आवाजात सांगत होते.

"आहे अजून."

शिट्टी चालूच होती.

"उतरतंय."

मधे एकदा दरवाजा कुरकुरला. माझ्या शेजारी दत्ता लाकडी पॅलेटवर बसला होता. इअरमफ गळ्यात आले होते आणि तो आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. शिट्टी बारीक होत गेली, मग नुसती फुसफुस राहिली, मग तीही गेली.

"शून्य," सर म्हणाले. गेजवर बोटाने टकटक केलं, पुन्हा वाकून पाहिलं. "शून्य."

सर शिडीवरून उतरले आणि खालच्या पायरीवर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली. प्लँट हेड, सर, मी आणि आणखी दोघं. प्लँट हेड सरळ म्हणाले की पहिल्या पाळीचा माणूस न सांगता गेला, आणि दत्ताने मागे जाऊन गेज बघितला नाही. चूक दोघांची. दत्तालाही सस्पेंड करावं लागेल.

"डिस्क भरली होती," सर म्हणाले.

"काय?"

"बाहेरच्याची डिस्क. माझ्या फोटोंनी भरली. प्रत्येक फोटो जागा खातो. मी वर्षानुवर्षं काढत गेलो आणि एकही पुसला नाही. जागा संपली तेव्हा बाहेरच्यानं आतल्याला जागच्या जागी थांबवलं. त्यानं तसा इशारा पडद्यावर दिला होता. तो कुणाला दिसला नाही, कारण असले इशारे ऑपरेटरांना गोंधळात टाकतात म्हणून मीच ते लपवून ठेवले होते."

त्यांनी हे सांगितलं नसतं तर आमच्यातल्या कुणालाही ते कधी कळलं नसतं. इतर कुणाला त्यातलं काही समजतच नव्हतं.

प्लँट हेडनी समोरची फाइल मिटली. "सर, तुमची रिटायरमेंट जवळ आलीय," ते म्हणाले. आवाज मऊ होता. "हे या खोलीबाहेर जायची गरज नाही."

"दत्ता सस्पेंड होणार असेल तर गरज आहे. आणि झाला नाही तरी मला ते त्याला सांगायचंय."

त्यांनी ते त्याच दिवशी सांगितलं, शॉपवर, सगळ्यांच्या समोर. फिरवून नाही, समजावून नाही. मीटिंगमध्ये सांगितलं तसंच, आणि शेवटी 'माफ कर'. दत्ता हातातला पाना पुसत ऐकत होता.

"म्हंजी," तो म्हणाला, "तुमीच मला मारायला निगालता आन् तुमीच वाचिवलं?"

"हो."

"मग मी काय करू, सर? पाया पडू का शिव्या घालू?"

सरांनी हेल्मेट काढून हातात घेतलं. दत्ताने पाना पेटीत टाकला आणि तो निघून गेला. त्यानंतर तो सरांशी एक शब्दही बोलला नाही. सर समोरून आले की दुसऱ्या वाटेने जायचा.

दत्ता सस्पेंड झाला नाही. ऑटोक्लेव्ह बंद ठेवला गेला. नवीन कंट्रोलर आला, नवी खिट्टी आली, गेज काढून समोर, डोळ्यांच्या उंचीवर बसवला. सरांनी राजीनामा दिला. कुणी मागितला नव्हता.

जाण्याआधी त्यांनी ते सगळे फोटो पुसले. मी शेजारी बसले होते. एकेक नाव निवडायचं, पुसायचं, पुढचं. 'पावसाआधी' गेलं, 'नवे साहेब येण्याआधी' गेलं. शेवटी एक उरलं. त्याचं नाव होतं 'सगळं नीट चालू आहे'. ते त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि तेही पुसलं.

मला वाटलं, संपलं. पण थंडी ओसरत आली होती तेव्हा एका रविवारी सरांचा फोन आला.

"दत्ताचं घर तुम्हाला माहीत आहे का?"

मी तळेगाव स्टेशनवर त्यांना घ्यायला गेले. ते स्कूटीवर मागे बसले आणि वाटेत काही बोलले नाहीत. फक्त गावात शिरताना म्हणाले, "त्याच्या घरच्यांची माफी मागायला हवी. त्याची मागून झाली, पण घर त्याच्या एकट्याचं नाही."

दत्ता अंगणातच होता. आम्हाला पाहून त्याचा चेहरा घट्ट झाला. 'या' म्हणाला नाही, 'जा'ही म्हणाला नाही. त्याची बायको शोभा बाहेर आली, पदर सारखा करत. "मॅडम, या की. ह्ये कोन?"

"मी कंपनीतला," सर म्हणाले. "होतो."

आत गेलो. सर खाटेच्या अगदी कडेला, पाठ ताठ ठेवून बसले. शोभाने पाणी दिलं. सर पेला हातात धरून म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी जे झालं त्याबद्दल मी..."

"काय झालतं?" शोभा म्हणाली.

सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय झालतं कंपनीत?" तिने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. "ह्ये झोपेत दचकत्यात. हात झटकत्यात. इचारलं तर बोलत न्हाईत. काय झालंय का, मॅडम?"

दत्ता दारात उभा होता. त्याने घरी काहीच सांगितलं नव्हतं. रोज त्याच शॉपवर जाणाऱ्या माणसाच्या बायकोला काय सांगायचं असतं? तो सरांकडे बघत होता. विनवणी नव्हती त्या नजरेत, धमकीही नव्हती. नुसता बघत होता.

मी सरांना ओळखत होते. हा माणूस खरं बोलल्याशिवाय राहत नाही. मीटिंगमध्ये राहिला नाही, शॉपवर राहिला नाही. ते आता सगळं सांगतील, काटा, आकडा, दरवाजा, आणि ही बाई उद्यापासून नवऱ्याला कामावर जाऊ देणार नाही.

सरांनी पेला खाली ठेवला.

"माझ्या हातून एक चूक झाली होती, वहिनी," ते म्हणाले. "त्याचा त्रास दत्ताला झाला. माफी मागायला आलोय."

"लय मोटी चूक व्हती?"

"मोठी होती."

एवढंच म्हणून ते थांबले. पुढचं गिळायला त्यांना किती जड गेलं ते मला दिसत होतं.

शोभाने पेला उचलला. मग दाराकडे वळून नवऱ्याला म्हणाली, "मग तुमी ह्यांच्यावर रागावलाय व्हय?"

बाहेरच्या रस्त्यावरून एक ट्रेलर गेला आणि घराचा पत्रा थरथरला.

"व्हय," दत्ता म्हणाला. "रागावलोय." चप्पल काढून तो आत आला आणि सरांच्या शेजारी खाटेवर बसला. "पन लोणावळ्यासनं आल्यात त्ये. च्या टाक. आन् भात जरा जास्त लाव."

सरांनी न वाकणारा पाय हाताने धरून नीट सरळ केला, मागे सरकले आणि भिंतीला टेकून बसले.